शंभर लिटर

टाकी भरायला अठरा मिनिटं लागली. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अंगणात स्टूल टाकून, घड्याळ लावून मोजलं. "शंभर लिटरला अठरा मिनिटं. मिनिटाला साडेपाच लिटर. आज प्रेशर बरंय," असं म्हणत त्यांनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पहिली नोंद केली. फाटकाबाहेर निम्मा रस्ता अडवून पांढरी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, उभी होती आणि तिच्या कुशीतल्या झाकणात आमच्या बागेचा हिरवा पाइप खुपसलेला होता. इंदूरच्या राजेंद्रनगरातली आमची अर्धी गल्ली पोहे-जिलबी उरकून बघायला आली होती. समोरच्या काकूंनी घाबऱ्या आवाजात विचारलं, "ॲम्ब्युलन्स का गं आलीय? कोणाला काय झालं?"

कोणाला काही झालं नव्हतं. मिशिगनमधली नणंद दर उन्हाळ्यात तळ्याकाठचे फोटो पाठवायची. मोठी गाडी, तिच्या दाराशी चटई, चटईवर तिची मुलं, मागे निळं पाणी. ते बघून आमच्या धाकट्याने हट्ट धरला आणि त्याचे वडील त्याच्याहून जास्त हट्टाला पेटले. नणंदेने फोनवर तासभर समजावून दिलं होतं. तिकडच्या कॅम्पग्राउंडवर जागेचं आधी बुकिंग असतं, जागेला नंबर असतो, नंबराच्या खांबावर तीस किंवा पन्नास अँपिअरचा प्लग असतो. जास्त पैसे मोजले तर जागेवरच नळ आणि सांडपाण्याचा पाइप. नाहीतर निघताना गाडी एका ठरलेल्या ठिकाणी न्यायची आणि तिथल्या भोकात सगळं रिकामं करायचं. रात्री दहानंतर आवाज बंद. बाबा आयुष्यभर वीजमंडळात होते. त्यांनी या सगळ्यातून एकच गोष्ट उचलली. "तीस अँपिअर गुणिले एकशेवीस व्होल्ट. साडेतीन किलोवॉट! एका गाडीला! आपल्या आख्ख्या घराचं सँक्शन लोड तीन आहे."

आपल्याकडे असं काही मांडून ठेवलेलं नाही. गाडी मिळते, जागा आपली आपण शोधायची.

गाडी राऊकडे राहणाऱ्या एका ओळखीच्यांची. त्यांनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन तिचं कॅराव्हॅन करून घेतलं होतं, आणि आपण नसू तेव्हा ती भाड्याने द्यायचे. ट्रॅव्हलर पिथमपूरला बनते, म्हणजे आमच्या घरापासून तासाभराच्या आत, त्यामुळे इंदुरी माणसाला ती घरचीच वाटते. लग्नाची वरात, शाळेची सहल, उज्जैनची वारी, सगळं तिच्यातच. यांनी आतल्या सीटा काढून मागे दुहेरी पलंग, वर घडीची बर्थ, मध्ये दोन शेगड्यांचा ओटा आणि कपाटाएवढी न्हाणी-संडासाची खोली बसवली होती. दिवसाला आठ हजार, डिझेल आपलं, आणि दहा हजार डिपॉझिट. बाबांनी आधी आरसी मागितली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांना पाठ आहे: आरटीओच्या मंजुरीशिवाय गाडीच्या रचनेत बदल केला तर उद्या अपघातात विमा कंपनी हात वर करेल. आरसीवर नोंद बरोबर होती. मग माझ्या नवऱ्याचं लायसन्स. हलक्या वाहनाचा परवाना साडेसात हजार किलोपर्यंत चालतो, ही गाडी त्याच्या बरीच आत बसत होती. मालक कंटाळून म्हणाले, "काका, आता माझी पत्रिका पण बघता का?"

तासभराच्या शिकवणीत मला जे कळलं ते असं. गाडीत तीन प्रकारचं पाणी असतं. चांगलं पाणी, शंभर लिटर. ओट्याचं आणि अंघोळीचं सांडपाणी, त्याची टाकी साठ लिटर. आणि तिसरं, ज्याला नणंद 'ब्लॅक' म्हणते, ते संडासाखालच्या एका सरकत्या डब्यात. त्या डब्याला म्हणतात कॅसेट. हे ऐकून बाबा खूश. "भजनांची की नाट्यगीतांची?" सासूबाईंना हा विनोद अजिबात आवडला नाही. त्यांचा मुळात आक्षेपच होता. "चुलीच्या पाठीला पाठ लावून संडास? मी पाऊल ठेवणार नाही त्यात."

बॅटरी दोनशे अँपिअर-अवरची, बारा व्होल्टची. बाबांनी गुणाकार केला: दोन पूर्णांक चार युनिट. "पण लेड-ॲसिड आहे. अर्ध्याच्या खाली नेलीत तर वर्षभरात मरेल. तेव्हा धरा बारा दशांश." म्हणजे एक पूर्णांक दोन युनिट. दिवे, पंखा, मोबाइल, पाण्याचा छोटा पंप एवढ्याला पुरे. गीझर आणि एसी फक्त बाहेरून वीज घेतली तरच. गॅसचा पाच किलोचा सिलिंडर वेगळ्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याच्या तळाला मुद्दाम भोक. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बसतो, त्याला बाहेर पडायला वाट हवी. हे भोक कोणी उंदरांच्या भीतीने बुजवू नका, असं मालकांनी दोनदा सांगितलं. शेगडी चालू असताना खिडकी उघडी. शेगडीवर गाडी ऊबदार करायची नाही, कितीही थंडी असो.

आणि एक गोष्ट, जी मला फार आवडली: टाकी भरलेली असू दे किंवा रिकामी, अर्धी ठेवून घाट उतरू नका. अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर डचमळतं आणि गाडीला ओढतं.

म्हणून ही काठोकाठ शंभर लिटर. आणि हे पाणी होतं नर्मदेचं. इंदूरच्या बाहेरच्यांना हे सांगावं लागतं की आमच्या नळाला नर्मदा येते. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सत्तर किलोमीटर लांबून, पंपांनी विंध्याचा चढ चढवून आणतात, १९७८ पासून. एक दिवसाआड येते, पण येते. बाबांना ते पहिलं पाणी आठवतं. आता आम्ही निघालो होतो पुनाशाच्या इंदिरासागर धरणाच्या फुगवट्याकडे, हनुवंतियाच्या बाजूला. पुनासा जलूदच्या वरच्या अंगाला. म्हणजे आमच्या टाकीतलं पाणी कधीतरी पुनाशाच्या टर्बाइनमधून गेलं, ओंकारेश्वराच्या पायाशी गेलं, जलूदला उचललं गेलं, चढून इंदूरला आलं. आणि आम्ही ते डिझेल जाळून परत तिथेच नेत होतो. बाबांनी हे सांगितल्यावर माझा नवरा म्हणाला, "बाबा, तुम्ही दोन दिवस हिशोब न करता राहू शकाल का?"

"बघू," बाबा म्हणाले, आणि पत्रिका खिशात ठेवली.

खंडवा रोडने सिमरोल सोडलं की भेरूघाट लागतो. नव्या हायवेची आणि बोगद्यांची कामं चालू असल्यामुळे धूळ होती, ट्रक होते. पहिल्याच वळणावर वरच्या कप्प्याचं दार उघडून चिवड्याचा डबा थोरलीच्या डोक्यावर पडला. कप्प्यांना खिट्ट्या असतात आणि त्या लावायच्या असतात. चालत्या गाडीत बर्थवर झोपायचं नाही, सगळ्यांनी सीटवर पट्टा लावून बसायचं, हा नियम धाकट्याला अन्याय वाटला. "मग घर कशाला म्हणायचं हिला?" बडवाहला चहा, तिथला चिवडा (आधीचा गेलाच होता), मग मोरटक्क्याचा पूल. सासूबाईंनी पुलावर हात जोडले, खिडकीतून एक रुपया टाकला. सनावदच्या आसपास शेतांत मिरच्या वाळत घातलेल्या, लांब लांब लाल पट्टे. तिथून पुनाशाच्या रस्त्याला लागलो की निमाड सुरू झाल्यासारखं वाटतं, हवाच बदलते.

पहिली रात्र पाण्याकाठच्या एका रिसॉर्टच्या आवारात काढायची ठरवली होती. हनुवंतियाला २०१६ साली पहिला जलमहोत्सव झाला, तेव्हापासून या काठाला तंबू, बोटी, पाण्यावरच्या स्कूटर, सगळं आलंय. गर्दीपासून जरा दूर म्हणून आम्ही हे ठिकाण फोनवर ठरवलं. फोनवर "हो हो, गाडी लावा, लाइट देतो" असं सांगितलं होतं. गेल्यावर पार्किंग दाखवलं. ते उतारावर होतं.

उतार ही मोटारीत न जाणवणारी आणि पलंगावर भयंकर जाणवणारी गोष्ट आहे. डोकं खाली, पाय वर, अशी पाच मिनिटं पडून बघितलं तर कपाळात ठोके पडायला लागतात. बाबांनी येताना घरातली लाकडी पाणसळ आणली होती. ती ओट्यावर ठेवून ते आत बसले आणि नवरा बाहेर चाकाखाली फळ्या सरकवत होता. "डावं पुढचं. अजून बोटभर. बुडबुडा मध्ये येईना." चाळीस मिनिटं. आसपासच्या तंबूंतले लोक खुर्च्या आमच्याकडे वळवून बसले होते.

मग वीज. रिसॉर्टच्या माणसाने गुंडाळलेली एक पिवळी वायर आणून दिली. बाबांनी ती चिमटीत धरून बघितली आणि तोंड वाकडं केलं. बारीक वायरीवर मोठा लोड घेतला की ती तापते, गुंडाळलेली असली तर आणखीच, कारण उष्णतेला जायला जागा नाही. त्यांनी ती सगळी उलगडून गवतावर पसरायला लावली आणि बजावलं, "दिवे आणि बॅटरी चार्जिंग. बस. गीझर नाही." नवऱ्याने मान हलवली.

थोरली सोळा वर्षांची. तिला त्या संभाषणाशी देणंघेणं नव्हतं. घाटातली धूळ आणि चिवडा केसांत होता. ती न्हाणीत गेली, गीझरचं बटण दाबलं आणि पंधराव्या मिनिटाला आमच्यासकट तंबूंची आख्खी रांग अंधारात गेली. एमसीबी पडला होता. लोक "ओय, लाइट!" ओरडत होते, आमची लेक आतून "साबण डोळ्यात गेलाय" ओरडत होती, आणि बाबा अंधारात पिवळ्या वायरीवरून हात फिरवत, अगदी शांतपणे, "गरम आहे. सांगितलं होतं," म्हणत होते. त्यांच्या आवाजात मला आनंदच ऐकू आला.

लाइट आल्यावर दुसरी बातमी कळली. गाडीत टाकीचा काटा टक्क्यांत दिसतो आणि टाकी शंभरची असल्यामुळे टक्का म्हणजेच लिटर. काटा एकावन्नवर होता. संध्याकाळपासून चहा, हातपाय, कुकर, भांडी मिळून अकरा गेले होते. उरलेले अडतीस एका वेणीचे.

"अडतीस लिटर!" बाबांनी पत्रिकेवर लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"आजोबा, समोर बघा ना," ती टॉवेल गुंडाळून दारात उभी राहून म्हणाली. "समुद्र आहे."

समोर खरंच समुद्र होता. पौषातली पौर्णिमा एक दिवस आधी झाली होती. चंद्र नुकताच वर आलेला, तांबूस, आणि त्याच्याखाली पलीकडचा काठ दिसतच नव्हता. भरलेला असताना हा जलाशय नऊशे तेरा चौरस किलोमीटर पसरतो, आणि त्याची साठवण १२.२२ अब्ज घनमीटर आहे. साठवणीने देशात सगळ्यांत मोठा. धाकट्याने फोनवर शून्यं मोजून सांगितलं की लिटरमध्ये हे बारा लाख कोटींच्या वर जातं, आणि आपल्या बारा हजार कोटी टाक्या भरतील. धरणाच्या पायथ्याशी सव्वाशे मेगावॉटची आठ यंत्रं, एक हजार मेगावॉट. आणि आमच्याकडे एक पूर्णांक दोन युनिट आणि एक्कावन्न लिटर. त्या काठावर बसून आम्ही सहाजण एका मगासाठी भांडत होतो.

सकाळी जागी झाले तेव्हा कपाळावर थेंब पडला. वाटलं पाऊस. थंडी म्हणून सगळ्या खिडक्या गच्च लावल्या होत्या आणि सहा माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर थंड पत्र्यावर जमून छतावरून ठिबकत होती. उशा दमट, काचांवर ओघळ. थंडीतही एक खिडकी वर बोटभर आणि एक समोरची बोटभर उघडी ठेवायची असते, हे नणंदेने नंतर सांगितलं. "तुम्ही विचारलंच नाही," ती म्हणाली. बाबांना वाईट एवढंच वाटलं की हे पाणी पत्रिकेवर कुठल्या रकान्यात घालायचं.

दात घासताना तिसरी गंमत. बेसिनचं पाणी खाली जाईना आणि न्हाणीच्या जाळीतून रात्रीचं साबणपाणी गुडगुडत वर यायला लागलं. साठ लिटरची सांडपाण्याची टाकी भरली होती. रात्री थोरलीने एकटीनेच तिला अर्ध्याच्या वर नेलं होतं, आणि आदल्या गिऱ्हाइकाने थोडी भरलेलीच ठेवली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. निघायच्या आधी चांगल्या पाण्याची टाकी भरलेली आहे का हे सगळे बघतात. सांडपाण्याची रिकामी आहे का हे कोणी बघत नाही. रिसॉर्टच्या माळ्याला विचारून, त्यांच्या मोरीपर्यंत पाइप नेऊन ती सोडली. चांगलं पाणी मात्र त्यांनी दिलं नाही. त्यांचं स्वतःचंच टँकरने येत होतं. हे मला पटलं आणि विचित्रही वाटलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला "फोटोसारखी" जागा हवी होती. पाण्याच्या अगदी कडेला. काठाकाठाने गेलेल्या एका गाडीवाटेने आम्ही सात-आठ किलोमीटर गेलो. पावसाळ्यात भरलेलं पाणी हिवाळाभर हळूहळू उतरतं आणि मागे काळी जमीन सोडून जातं. तिला तिथले लोक नुसतं 'डूब' म्हणतात. ओल असेपर्यंत त्यात हरभरा, गहू पेरून घेतात. हरभऱ्याच्या पट्ट्याच्या खाली, पाण्यापर्यंत, शंभरेक पावलं रिकामी जमीन होती. वरून राखाडी, भेगाळलेली, खडखडीत.

"नको," बाबा म्हणाले.

"कडक आहे, बाबा. चालून बघितलं मी."

"तू सत्तर किलो. ही गाडी?"

गाडी वीस पावलं गेली आणि मागची दोन्ही चाकं पापुद्रा फोडून आत गेली. वर पापड, खाली खीर. नवऱ्याने जे करायचं नसतं ते केलं: ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली, गाळाचा फवारा थोरलीच्या अडतीस लिटर धुतलेल्या केसांवर, आणि गाडी मागून वीतभर अजून बसली. फळ्या घातल्या, फळ्या गिळल्या. बाबांनी सुचवलं की टाकीतलं उरलेलं पाणी सोडून द्या, तेवढे चाळीसेक किलो कमी होतील. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "पाणी सोडायचं नाही. माणसं उतरा."

माणसं उतरली. तासाभराने एक ट्रॅक्टर आला, बोलावल्याशिवाय. शेतकरी पन्नाशीचे, डोक्याला मफलर, बरोबर एक मुलगा. त्यांनी चाकांकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, माझ्या नवऱ्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. हे न बोलणं त्याला फार लागलं. पुढच्या बंपरच्या आत ओढायचा लोखंडी आकडा असतो, तिथेच साखळी बांधायची, बंपरला किंवा एक्सेलला नाही. एवढं मालकांनी सांगितलेलं त्या घटकेला आठवलं हे नशीब. मुलाने समोरून ट्रॅक्टर लावला, वळण घेऊन गाडी कडक जमिनीवर आणली. चिखलातून ती सुटताना आलेला आवाज धाकटा अजून तोंडाने काढून दाखवतो.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. "अंदर से दिखा दो," एवढंच म्हणाले. मग त्यांची बायको आली, सून आली, शेजारच्या वस्तीतल्या आठ-दहा बायका आल्या. चपला बाहेर काढून एकेक जण आत येऊन बघत होती. पलंग बघितला, ओटा बघितला, आणि प्रत्येकीने तेच विचारलं जे सासूबाईंनी विचारलं होतं. चूल इथे आणि संडास इथे? सासूबाई एकदम विजयी. "तेच तर म्हणते मी!" त्या क्षणापासून त्या त्यांच्यातल्याच झाल्या.

शेतकऱ्यांनी बांधावरच्या कडुलिंबाखाली, वर, पक्क्या जमिनीवर जागा दाखवली. रात्री तिथेच राहा म्हणाले. बुडबुडा पहिल्याच फटक्यात मध्ये आला. काकींनी गोवऱ्या दिल्या, आम्ही बरोबरच्या कणकेचे बाफले, म्हणजे उकडून भाजलेले गोळे, केले, त्यांनी ज्वारीच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी पाठवली. त्या सिलिंडरच्या भोकाची एवढी काळजी घेतली होती, पण दुसऱ्या दिवशी गॅस चहापलीकडे पेटलाच नाही.

पाणी हवं होतं. बारा लिटर चिखल धुण्यात गेले होते, टाकीत सव्वीस उरले होते. शेतकऱ्यांना विचारलं तर म्हणाले वस्तीवर हातपंप आहे, भरून घ्या. मुलं वीस-वीस लिटरचे दोन कॅन घेऊन त्यांच्या मुलाबरोबर गेली. दोनशे पावलं जाताना, दोनशे येताना. थोरली परत आली तेव्हा तिच्या तळहातावर कॅनच्या कडीचा लाल वळ होता. तिने नाकाने श्वास सोडत कॅन ठेवला आणि हात धुवायला नळ सोडला, मग बंद केला आणि ओल्या फडक्याला हात पुसला. बाबांनी बघितलं, पण लिहिलं काही नाही.

बाबा आणि शेतकरी बाजेवर बसले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते पाण्याकडे बोट करून काहीतरी दाखवत होते. लांब पाण्यात वाळलेल्या झाडांचे शेंडे होते, वीस वर्षं तसेच उभे असलेले, त्यावर पाणकावळे. नावा त्यांना वळसा घालून जातात. २००४ मध्ये पाणी चढलं तेव्हा हरसूद शहर गेलं, अडीचशेच्या आसपास गावं गेली, त्यांतलं एक यांचं. "वो जो दो ठूंठ हैं ना, उसके बीच में हमारा कुआँ है." होता नाही, आहे. बाबांनी विचारलं, किती खोल? "चालीस हाथ. मीठा पानी. गर्मी में भी नहीं टूटता था." बाबांनी खिशाकडे हात नेला, पत्रिकेसाठी असावा, आणि तसाच मागे घेतला. मग दोघांनी विषय बदलून हरभऱ्याच्या भावावर आणला.

संध्याकाळी तिथून शेकडो चक्रवाक उठले. नारिंगी, मोठाली, भुंकल्यासारखी ओरडणारी. धाकट्याने बदकं म्हटलं. बदकंच ती, पण तिबेटाकडून आलेली.

सांडपाण्याबद्दल सांगायचं राहिलं. नणंदेचा नियम होता की पाण्यापासून दोनशे फुटांच्या आत काही ओतायचं नाही, साबण तर नाहीच. इंदूर २०१७ पासून सलग सात वर्षं देशात स्वच्छतेत पहिलं आलं, त्यामुळे आमच्या मुलांना ओला-सुका-घातक हे बाराखडीच्या आधी येतं आणि ती या बाबतीत निष्ठुर आहेत. राखेने भांडी घासली, धुणवण वर बांधाच्या झाडाला. कॅसेट मात्र अशी कुठे ओतता येत नाही. त्यात एक निळं औषध घातलेलं असतं, ते शेतालाही चांगलं नाही. आणि सासूबाईंच्या दृष्टीने तर समोर मैया होती, तिच्या दिशेला तोंड करून कोणी चूळ भरलेली त्यांना चालत नव्हती.

पण रात्री थंडी भयंकर पडली. सकाळी बाबा काट्याशी उभे राहून पुटपुटत होते. रात्री त्रेसष्टवर होतं, सकाळी साडेएकसष्ट. कोणी नळ सोडलेला नाही. गळती? त्यांनी वाकून सांधे तपासले, टॉर्च घेऊन गाडीखाली गेले.

"अहो, या बाहेर," सासूबाई चहाचा कप दोन्ही हातांत धरून, दुसरीकडे बघत म्हणाल्या. "ते दीड लिटर माझं."

एका वेळच्या फ्लशला अर्धा लिटर लागतं. बाबांनी काही विचारलं नाही.

परतताना रस्त्यात एका पेट्रोल पंपावर विचारून, त्यांच्या संडासात कॅसेट रिकामी केली. हे काम नवऱ्याने केलं, रबरी हातमोजे घालून, तोंड फिरवून, आणि ते करताना तो जे बोलला ते इथे लिहीत नाही. बाहेरच्या बाजूने एक छोटं दार असतं, डबा सरकवून काढायचा, चाकांवर ओढत न्यायचा, नळी फिरवून ओतायचा, हवेचं बटण दाबून ठेवायचं, नाहीतर उसळतं. ते बटण दाबायचं तो विसरला.

घाट चढताना टाकीत एकोणीस लिटर होते. मालकांनी 'भरलेली किंवा रिकामी' सांगितलं होतं, पण एवढं थोडं पाणी डचमळलं तरी कळत नाही. सासूबाईंनी ते सोडू दिलं नाही. घरी आल्यावर त्यांनी ते बादल्यांनी काढून कुंड्यांना घातलं. त्यातलं किती इंदूरच्या नळाचं, किती वस्तीवरच्या हातपंपाचं, हे बाबा थोडा वेळ काढत बसले आणि मग सोडून दिलं.

गाडी परत करायला राऊला गेलो. मालकांनी टॉर्च लावून चाकांच्या वरचा भाग बघितला. काळी माती वाळून सिमेंट झाली होती. दाराच्या खाचेत, पायरीखाली, पुढच्या आकड्याच्या आत. ते म्हणाले, धुलाईचे सहाशे कापतो.

बाबांनी लग्नपत्रिका काढली, पेनचं टोपण उघडलं.

"धुवायला किती लिटर लागतील?"